शिवानीच्या खेळातला हूं

परीक्षेचे दिवस आले की आमच्या परळीत सकाळी दोन गोष्टी हमखास दिसतात. कपाळाला अंगारा लावून, पारदर्शक पिशवीत पेनं घेऊन निघालेली पोरं, आणि गच्चीवर जुनी धोतरं अंथरून कुरडया घालणाऱ्या बायका. रस्त्यावरून वीजकेंद्रातल्या राखेचे टिप्पर गेले की दोघांच्याही अंगावर तेच बारीक, पांढुरकं काहीतरी येऊन बसतं. कुरडयांवर आम्ही ओढणी टाकतो. पोरांवर काय टाकावं ते मला कधी कळलं नाही.

यंदा मी गहू भिजवलाच नाही. सून म्हणाली, "आई, खायला हाय कोण आता?" ती सहज बोलली आणि भाजी निवडायला लागली. मी उठून आतल्या खोलीत गेले. या खोलीच्या खिडकीला अजून ती गोधडी टांगलेली आहे, चार खिळ्यांवर. दोन वर्षं झाली. सून दर दिवाळीला ती काढून धुवायची म्हणते आणि दर दिवाळीला मी म्हणते, राहू दे.

गोधडी खिडकीला का, हे सांगायचं तर आधी शिवानी सांगावी लागेल.

शिवानी माझी नात, माझ्या मुलाची, नागनाथची, एकुलती एक पोरगी. आमचं भांड्याचं दुकान आहे, नागनाथ ते बघतो; पोरगी त्याला आप्पा म्हणते. पोरीला डॉक्टर करायचं असं तिच्या जन्मापासून घरात बोललं जायचं, म्हणजे बोलणारे आम्ही, ती नव्हे. बारावीनंतर तिनं ती मोठी परीक्षा एकदा दिली, मग वर्षभर घरी बसून अभ्यास करून पुन्हा दिली. दुसऱ्यांदा पेपर देऊन आली तेव्हा मी दारातच होते. तिनं चपला काढल्या, एकीवर एक नीट ठेवल्या, आणि म्हणाली, "आजी, न्हाई जमलं." निकाल यायचा होता अजून. पण तिला कळलं होतं.

पेपर आणि निकाल यांच्या मधला तो उन्हाळा. माझ्या डोक्यात अडकून बसलेला मोसम तो एवढाच.

घरात कुणी तिला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. नागनाथ जेवायला बसला की मीठ मागायचा, पाणी मागायचा, पोरीकडे बघायचा नाही. सून तिच्या ताटात दोनदा वाढायची आणि नाक ओढायची. मग पोरगी फोन घेऊन आतल्या खोलीत जायची. एका दुपारी मी तिच्या मागं गेले.

"काय बघायलीस?"

"खेळ."

"खेळायलीस का बघायलीस?"

"बघायलेय आजी. दुसरा माणूस खेळायलाय, मी बघायलेय."

मला हसू आलं. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेजारणीनं लाटलेल्या पोळ्या मोजत बसल्यावानी झालं हे." शिवानीनं सरकून मला जागा करून दिली. मी बसले.

बसल्यावर मला आठवलं ते आमच्या माहेरच्या गावचं महादेवाचं देऊळ. ओट्यावर दोन म्हातारे सोंगट्या खेळायचे आणि निम्मं गाव उभ्यानं बघायचं. पाण्याला निघालेल्या बायकासुद्धा घागर कमरेवर घेऊन थांबायच्या. दुसऱ्याचा खेळ बघण्यात काय मजा, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. त्यातले एक जण, गुंडाप्पा, लई बोलायचे. कवड्या हातात खुळखुळवत त्यांच्याशीच बोलायचे, "आज रुसलात व्हय, काल तर बऱ्या होतात." समोरचा म्हातारा एक शब्द न बोलता जिंकायचा. गुंडाप्पा बहुतेक हरायचे. पण सगळं गाव गुंडाप्पांच्या बाजूला बसायचं. जिंकणाऱ्याच्या पाठीमागची पायरी रिकामी असायची. मी पोर होते, मला वाटायचं, तिथं ऊन असेल.

फोनवरचे खेळही तसेच निघाले. शिवानीनं मला नाना तऱ्हेचे खेळणारे दाखवले. एक जण कधी मरायचाच नाही, सगळ्या वाटा पाठ, सुसाट पळत सुटायचा. मला पाच मिनिटांत डुलकी आली. एक जण नुसता किंचाळायचा. काही नसताना किंचाळायचा, आणि ते पैसे देऊन रडायला बोलावलेल्या बायकांसारखं वाटायचं. मग तिनं एक पोरगी दाखवली, कुठल्यातरी लांबच्या मुलखातली. तिची भाषा मला कळत नव्हती, पण ती अडखळली की कळायचं, घाबरली की कळायचं, स्वतःवर हसली की मलाही हसू यायचं. ती वाट चुकायची आणि ती चूक कापून टाकायची नाही, तशीच ठेवायची. आपण तिच्याबरोबर चुकायचो.

"ही चांगली हाय," मी म्हटलं.

"कावून?"

"हिला पुढचं ठाऊक न्हाई. आणि ठाऊक न्हाई हे ती लपवीत न्हाई."

शिवानीनं चालू खेळ थांबवला. मग म्हणाली, "आजी, मी बी करू का असा?"

केला तर खरा. पण पहिल्या दिवशी फोन डब्याला टेकवून, खेळ लावून ती जी बसली, ती गप्पच. बोटं चालत होती, तोंडातून शब्द नाही. शेवटी तिनं फोन पालथा घातला. "जमत न्हाई गं. समोर कोणीच न्हाई. भिंतीशी बोलल्यावानी वाटतंय."

तेव्हा मी तिला माझ्या आईचा नियम सांगितला. आई कापूस वेचताना गोष्टी सांगायची. कापसाच्या एका ओळीत ती, शेजारच्या ओळीत आम्ही बहिणी. गोष्ट सांगणारीला हुंकार द्यायचाच, असा नियम. तिनं एक वाक्य म्हटलं की आम्ही म्हणायचं, हूं. मग ती पुढचं म्हणायची. हूं म्हणजे काय, तर मी आहे, ऐकतेय, चालू दे. हूं म्हणजे पटलं असं नव्हे, आवडलं असंही नव्हे. राक्षसानं राजकन्या पळवली तरी आम्ही हूंच म्हणायचो. हुंकार थांबला की आई गोष्ट थांबवायची. समोरचं माणूस झोपलं असं समजायचं, म्हणायची, आणि झोपलेल्याला गोष्ट सांगू नये.

"मग तू बस," शिवानी म्हणाली. "तू हूं दे. मी तुला सांगते."

असा आमचा तो उन्हाळा सुरू झाला. टिप्परचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गोधडी. पंख्याची घरघर फोनमध्ये शिरते म्हणून पंखा बंद. दुकानातला स्टीलचा डबा पालथा घालून त्याला फोन टेकवलेला. दुपारी सगळे आडवे झाले की आम्ही दोघी त्या भट्टीत बसायचो, मध्ये पाण्याचा तांब्या. घाम तिच्या हनुवटीवरून टपकायचा, माझा पदर ओला व्हायचा. पण इतकं गार मला त्या घरात नंतर कधी वाटलं नाही.

खेळ होता एका बाईचा. पाठीवर गाठोडं, हातात कंदील. गाव ओस पडलेलं, माणसं निघून गेलेली. तिला डोंगर ओलांडून पलीकडे जायचं. वाटेत अंधार, पडकी घरं, विहिरी, काळ्या सावल्या. दमली की एखाद्या घरात पेटती चूल सापडायची. चुलीपाशी तिला बसवलं की तिथवरचं पक्कं व्हायचं. पुढं मेली तरी पुन्हा त्या चुलीपासून उठायची.

"तर मंडळी, आपली बाई आता या बोळात शिरायलीय. बोळ बरा दिसत न्हाई. आजी, शिरू का?"

"हूं."

"आजी हूं म्हणाल्या. पण आजी कशालाबी हूं म्हणतात, तेव्हा जबाबदारी माझी. बघा, दार हाय. उघडते. आत काही न्हाई. एक खाट हाय, एक दोरी हाय. कुणाची असंल ओ ही खाट?"

"हूं."

"आजी, आता हूं न्हाई, आता सांग."

"बाळंतिणीची असंल," मी म्हणायचे. "दोरी पाळण्याची."

मग ती तिथंच थांबायची. सावल्या मागं लागलेल्या असायच्या, तरी ती त्या खाटेपाशी थांबायची. बाकीचे खेळणारे अशा घरांत जातच नव्हते, कारण तिथं मिळायचं काही नाही. ही प्रत्येक दार उघडायची. एकदा एकाच विहिरीत तिसऱ्यांदा पडली आणि म्हणाली, "बाई चांगली हाय, चालवणारी येडी हाय." मी इतकी हसले की ठसका लागला, आणि तो ठसकासुद्धा तिनं ठेवला.

प्रत्येक भाग ती फोनवरून लोकांसाठी टाकायची; बघणारी माणसं थोडीच होती. पण ती माणसं खाली लिहायची. एकदा मी लग्नाला गेलते, त्या दिवसाच्या भागाखाली तिघाचौघांनी विचारलं, आजींचा हूं कुठंय. एकानं लिहिलं, मी लांब एकटाच राहतो, जेवताना तुमचा खेळ लावून ठेवतो, घरात कुणीतरी आहे असं वाटतं. शिवानीनं मला ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज वेगळा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला, तू मला लागतेस, असं म्हटलं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणी नव्हतं.

मी तेव्हापासून विचार करते, दुसऱ्याचा खेळ बघताना सुख कशाचं असतं. जिंकण्याचं नाही, ते गुंडाप्पांनी शिकवलंच होतं. मला वाटतं, माणूस एकटं असताना डोक्यात जे चालतं ते कधी दुसऱ्याला दिसत नाही. शेजारी झोपणाऱ्यालाही दिसत नाही. ते इथं ऐकू येतं. इकडे जाऊ का तिकडे, भीती वाटतेय, चुकलं, परत जाऊ. असं मोठ्यानं बोलत चालणारं माणूस घरात कुठं भेटतं? माझ्या नवऱ्याबरोबर मी बेचाळीस वर्षं राहिले, ते कोणत्या बोळात शिरताना घाबरले ते मला ठाऊक नाही. आणि बघणाऱ्याचं सुख असं की त्याच्या हातात काही नसतं. चुकीचं पाऊल पडलं तर आपल्यामुळं पडलं नाही. आपण फक्त हूं म्हणायचं.

एवढ्या सुखाची मला सवय झाली. माझी चूक तिथं आहे.

निकाल लागला. शिवानीला ठाऊक होतं तसाच लागला. आठच दिवसांत केजचं स्थळ आलं. त्यांचं तिथं बाजारात दुकान, घरचं शेत, मुलगा निर्व्यसनी. नागनाथच्या मनात होय-नाही चाललं होतं. पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही बारावा भाग केला. करून झाल्यावर शिवानीनं फोन बंद केला आणि माझ्या मांडीवर हात ठेवला.

"आजी, उद्या तू नको म्हण. आप्पा तुझं ऐकतात. मला एक वर्ष दे. मी दुसरं कायतरी शिकते, हे बी करते. नुसतं नको म्हण."

"म्हणते," मी म्हटलं.

"शप्पथ?"

"वैजनाथाची."

पाहुणे आले. मुलाचे चुलते बोलणारे होते. असं बोलणारं माणूस मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. वाटेत गाडी कशी पंक्चर झाली, ढाब्यावाल्यानं कसा चहा पाजला, तिथून सुरू झाले ते त्यांच्या आजोबांनी केजच्या बाजारात पहिली टपरी कशी टाकली इथवर आले. एकेक वाक्य टाकायचे आणि थांबायचे. ते थांबले की माझ्या तोंडून जायचं, हूं. ते आणखी रंगायचे. मी भिंतीला टेकून बसले होते, सगळे माझ्याकडे तोंड करून बोलत होते, आणि खरं सांगते, मला ते बरं वाटत होतं.

"आमच्यात पोरीबाळींना बंधन न्हाई," ते म्हणाले. "पण घरचं पहिलं."

"हूं."

"ते फोन, ते व्हिडिओ, हे मात्र आमच्यात चालत न्हाई. लग्नाआधीचं लग्नाआधी."

"हूं."

"मग आखाडाच्या आत उरकून टाकू म्हणतो."

"हूं."

चुलते मांडीवर थाप मारून नागनाथकडे वळले. "घ्या. घरातलं मोठं माणूस हूं म्हणालं. आता तुमी कावून अडायलात?"

नागनाथनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मला दिसला. निर्णय त्याच्यावरून निघून गेला होता.

आतापर्यंत मी हे दोघी-तिघींना सांगितलं, तेव्हा इथंच थांबले. चुकून हूं गेला, म्हातारीची सवय, असं म्हटल्यावर बायका माझ्या पाठीवर हात फिरवतात. पण त्यापुढंही दहा मिनिटं होती. सुपारी फोडायची होती आणि अडकित्ता सापडत नव्हता. सून फडताळ उपसत होती, नागनाथ दुकानातून आणतो म्हणून उठला. तेवढ्या वेळात मला म्हणता आलं असतं, अहो, मी नुसती ऐकत होते. एवढंच वाक्य. पण खोली भरलेली होती, चुलते हसत होते, आणि माझ्या मनात एक बारीक आवाज होता की पोरगी दोनदा नापास झालीय, वर्षानं असं स्थळ येईल का. अडकित्ता माझ्याच पानाच्या चंचीत होता. मला ठाऊक होतं. मी तो काढला आणि नागनाथच्या हातात दिला.

शिवानी दारामागं उभी होती. माझा हूं कसला असतो, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला कळत होतं? पाहुणे गेल्यावर ती आली, माझ्या पुढ्यात बसली. रडली नाही.

"आजी, तू नुसती ऐकत होतीस ना?"

मला बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "हूं."

ती उठून गेली.

लग्न झालं. ती केजला आहे. तिला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, सासू देवधर्म करणारी आहे. सगळे म्हणतात, चांगलं झालं. नागपंचमीला आली होती. या खोलीत आली, गोधडी बघितली, बोटानं तिची शिवण चाचपली आणि बाहेरच्या खोलीत गेली. पंखा लावून बसली. "खेळ काढायचा का?" मी विचारलं तर म्हणाली, "फोन नवा हाय आजी, त्यात काही न्हाई."

मी बारा भाग पुन्हा पुन्हा बघते. बारावा अर्ध्या वाटेचा आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक घर सापडतं, त्यात चूल. शिवानी म्हणते, "तर मंडळी, आज इथं बाईला बसवू. डोंगर उद्या चढू." त्यावर माझा आवाज येतो, हूं. आणि संपतं. त्या भागातला शेवटचा आवाज माझा आहे. ती बाई अजून तिथंच बसलेली असेल, असं कुरडया तळतानासुद्धा माझ्या मनात यायचं.

मागल्या महिन्यात फोननं आपणहून मला दुसऱ्याच एका माणसाचा तोच खेळ दाखवला, शेवटापर्यंतचा. मी बघितला. डोंगर, खिंड, पलीकडे एक घर, दार, बाई कंदील विझवते. झालं. तो माणूस एक शब्द बोलला नाही. मी फोन उलटा ठेवला. शेवट कळला तर जीव निवेल असं मला वाटलं होतं. जीव काही निवला नाही. मला डोंगर बघायचा नव्हता, डोंगर चढताना ती काय म्हणते ते ऐकायचं होतं.

खेळात चूक झाली की मागच्या चुलीपाशी उठता येतं. माझी चूल मला ठाऊक आहे. आदल्या दिवशीची दुपार, मांडीवर तिचा हात. तिथून मला कुणी उठवत नाही.

दर सोमवारी मी केजला फोन लावते. सासूच्या फोनवर. तो तिकडं मध्ये ठेवून स्पीकरवर लावतात, सगळ्यांना ऐकू जातो. मी विचारते, जेवलीस का. हूं. तब्येत बरी हाय ना. हूं. ऊन लई हाय का तिकडं. हूं. पोरगी दुसरं काही बोलत नाही. तो हूं माझाच आहे, मीच शिकवलेला. तो ऐकतेय म्हणणारा आहे, की बरं आहे म्हणणारा, की नुसता सुटका करून घेणारा, हे मला ओळखू येत नाही. मलाही ओळखू येत नाही.

परवाच्या सोमवारी मात्र मी ऊन विचारलं नाही. म्हटलं, "शिवे, ती बाई चुलीपासून उठली बघ."

पलीकडं काही नाही. मग हळूच, "हूं."

त्या माणसाचा शेवट मी सांगितला नाही. माझ्याच मनानं सांगायला लागले. "उठली, कंदील घेतला, गाठोडं घेतलं. डोंगराच्या वाटेला एक वस्ती लागली. एका ओळीत सात-आठ घरं. कुणी न्हाई त्यात. ती म्हणाली, पुढं जाऊ का दारं उघडू?"

"हूं."

"पहिलं दार उघडलं. आत चूल न्हाई, काही न्हाई. एक गोधडी होती खिडकीला."

यावेळी हूं लगेच आला नाही. तेवढ्यात तिकडं भांडं पडल्याचा आवाज झाला, सासूनं विचारलं, "काय म्हणतीय म्हातारी?" आणि शिवानी म्हणाली, "काई न्हाई. कुरडयांचं विचारायलीय." मग कुणाची तरी पावलं, आणि मग काही नाही. हूं नाही. फोन चालू होता की ठेवला होता, मला कळेना. पडद्यावरचे ते बारीक आकडे मला दिसत नाहीत.

आई म्हणायची, हुंकार थांबला की गोष्ट थांबवावी.

मी दुसरं दार उघडलं. त्या घरात काय काय होतं, ते सांगायला लागले.